ताम्हनाचा पत्ता: वेबसाइटवरचा ब्रेडक्रंब कसा बनतो आणि कुठे फसतो

समजा, नाशिकच्या भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं एक जुनं दुकान आता वेबसाइटवरूनही माल विकतं. पुण्यातल्या एका बाईंना मुलाच्या मुंजीसाठी ताम्हन हवंय. त्या गुगलवर 'तांब्याचं ताम्हन' असं शोधतात, आलेल्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवतात आणि थेट या दुकानाच्या एका ताम्हनाच्या पानावर येऊन पोचतात. दुकानाचं मुखपृष्ठ त्यांनी पाहिलेलं नाही, मेनू पाहिलेला नाही. समोर एक फोटो, एक किंमत आणि 'कार्टमध्ये टाका' हे बटण. ताम्हन जरा लहान वाटतं. आता काय करायचं?

फोटोच्या वर, बारीक अक्षरांत अशी एक ओळ असेल तर काम सोपं होतं:

होम › पूजेची उपकरणी › ताम्हन › तांब्याचं ताम्हन, ७ इंची

'ताम्हन' या शब्दावर बोट ठेवलं की दुकानातली सगळी ताम्हनं समोर. 'पूजेची उपकरणी'वर ठेवलं की पळी, पंचपात्र, अभिषेकपात्र, निरांजन, सगळा संसार. वेबसाइट बनवणारे लोक या ओळीला ब्रेडक्रंब म्हणतात. दिसायला ती इतकी किरकोळ की बहुतेक ठिकाणी तिचा विचारच कोणी केलेला नसतो; थीमसोबत, म्हणजे साइटच्या तयार साच्यासोबत, जी आली ती राहिली. नाशिकमधल्या छोट्या दुकानांच्या साइट करताना मला मात्र उलटा अनुभव येतो. साइट नीट लागली आहे की नुसती उरकली आहे, हे पाहायला मी आधी ही ओळ वाचतो. ती विचित्र दिसत असेल तर दोष सहसा ओळीचा नसतो. तिच्यामागे कॅटेगरींची जी मांडणी आहे, तीच कुठेतरी फसलेली असते.

एक गैरसमज आधी बाजूला काढू. बऱ्याच जणांना वाटतं की ब्रेडक्रंब म्हणजे आपण साइटवर कुठून कुठे फिरलो त्याची नोंद. आधी समया बघितल्या, मग घंगाळं, मग ताम्हन, तर ओळीतही 'समई › घंगाळ › ताम्हन' असं यावं. असे ब्रेडक्रंब कधीकाळी बनवलेही गेले. पण ते काम ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण आधीच करतं, आणि जास्त चोख करतं. शिवाय पुण्याच्या त्या बाई साइटवर कुठून फिरून आलेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी अशी ओळ रिकामी. वेबसाइट वापरायला सोप्या कशा असाव्यात यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००७ साली ब्रेडक्रंबवर लेख लिहिला, त्यात हाच मुद्दा आहे: ओळीत साइटची रचना दाखवा, माणसाचा प्रवास दाखवू नका. थेट आतल्या, आणि तेही नको असलेल्या पानावर येऊन पडलेल्या माणसाला ही ओळ सोडवते, हा तिचा मोठा फायदा त्यांनी तिथेच नोंदवला आहे. आज गुगलवरून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून येणारं गिऱ्हाईक पाहिलं, तर असं आतल्या पानावर पडणं हीच नेहमीची रीत झाली आहे.

तिसरा एक प्रकार दिसतो तो असा: 'तांबं ✕ ७ इंच ✕ ५०० रुपयांच्या आत ✕'. ही निवडलेल्या फिल्टरची यादी आहे. ती वस्तूचे गुण सांगते, जागा सांगत नाही. या दोघांची गल्लत झाली की काय होतं ते पुढे येईलच.

ओळ तयार कशी होते

डेटाबेसमध्ये 'होम › पूजेची उपकरणी › ताम्हन' असं काही लिहून ठेवलेलं नसतं. असतो तो कॅटेगरींचा एक साधा तक्ता. प्रत्येक कॅटेगरीला एक क्रमांक, एक नाव, आणि ती ज्या कॅटेगरीच्या पोटात येते त्या पालक कॅटेगरीचा क्रमांक. समजा 'पूजेची उपकरणी' ही १२ क्रमांकाची. तिला पालक नाही, म्हणून त्या रकान्यात शून्य. 'ताम्हन' ही ३१ क्रमांकाची, पालक १२. आपलं ७ इंची ताम्हन ३१ मध्ये टाकलेलं आहे. पान उघडलं की प्रोग्रॅम वस्तूपासून सुरुवात करतो. तू कुठे? ३१ मध्ये. ३१ चा पालक? १२. १२ चा पालक? शून्य, म्हणजे संपलं. हाती आलेली यादी उलटी केली, पुढे 'होम' जोडलं, झाली ओळ तयार.

पाकिटावर पत्ता लिहिताना आपणही असंच लहानाकडून मोठ्याकडे जातो: घर, गल्ली, भद्रकाली, नाशिक, महाराष्ट्र. टपाल खात्याला मात्र मोठ्याकडून लहानाकडे यायचं असतं, म्हणून पिनकोडात ती उतरंड आधीच भरून ठेवली आहे. ४२२००१ मधला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा, पहिले तीन अंक मिळून ४२२ हा नाशिकच्या वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक म्हणजे त्यातलं नेमकं टपाल कार्यालय. (१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची. हा मराठी अधिकारी संस्कृत कवीही होता.) मोठ्या साइटसुद्धा हीच युक्ती करतात. हजारो कॅटेगरी असल्या की दर वेळी एकेक पायरी चढत बसण्याऐवजी प्रत्येक कॅटेगरीपाशीच तिची पूर्ण वाट '१२/३१' अशी लिहून ठेवतात. ओळ झटक्यात तयार होते. पण मधली एखादी कॅटेगरी उचलून दुसरीकडे ठेवली की तिच्या पोटातल्या प्रत्येकीची नोंद नव्याने करावी लागते. चार-पाचशे वस्तूंच्या दुकानाला या भानगडीत पडायची गरज नाही.

पालकाकडून पालकाकडे चढण्यात एक खड्डा मात्र आहे. चुकून 'ताम्हन'चा पालक 'पूजेची उपकरणी' आणि 'पूजेची उपकरणी'चा पालक 'ताम्हन' अशी नोंद झाली तर प्रोग्रॅम त्या दोघींमध्येच फिरत बसतो आणि पान कधीच उघडत नाही. वर्डप्रेस हे साइट बनवण्याचं सॉफ्टवेअर नेहमीच्या पडद्यावरून असा फेरा होऊ देत नाही. स्वतः लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा एक्सेलमधून थेट डेटाबेसमध्ये माल चढवताना तो होऊ शकतो. म्हणून चढताना भेटलेले क्रमांक लक्षात ठेवायचे, आणि एखादा दुसऱ्यांदा भेटला की थांबायचं.

एका वस्तूची तीन घरं

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गाडी अडते ती पुढे.

ताम्हन तांब्याचं आहे, म्हणून ते 'तांब्याची भांडी'मध्ये हवं. पूजेला लागतं, म्हणून 'पूजेची उपकरणी'मध्ये हवं. कन्यादानाच्या भांड्यांत असतं, म्हणून 'लग्नाची भांडी'मध्येही हवं. भांड्यांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाशी याबद्दल बोलणं साधारण असं होतं:

"काका, ताम्हन नेमकं कुठल्या विभागात टाकू?"

"सगळीकडे टाक की. ज्याला जिथे सापडेल तिथे."

"ते टाकतोच. पण पानाच्या वर ओळ एकच येणार. तिथे काय लिहू?"

"काय लिहू म्हणजे? भांडी बाजार, नाशिक लिही!"

काकांचं काही चुकत नाही. दुकानात ते गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघून माल काढतात. नवरीची आई आली की तेच ताम्हन लग्नाचं, भटजी आले की पूजेचं. गोदावरीला पूर येऊन पाणी दहीपुलाकडून सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं की सगळा माल माळ्यावर जातो, तरी कुठलं ताम्हन कुठे आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. वेबसाइटला तोंड बघता येत नाही. तिला एक उत्तर आधीच ठरवून द्यावं लागतं.

ते कोणी दिलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने ठरवतं, आणि त्या मनात ताम्हन-बिम्हन काही नसतं. वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सचंच बघा. वस्तू अनेक कॅटेगरींत असली की तिच्या कॅटेगरी तो पालकाच्या क्रमांकानुसार लावतो, मोठा क्रमांक आधी, आणि जी पहिली येईल तिची वाट ओळीत छापतो. क्रमांक कोणाला मोठा मिळतो? जी कॅटेगरी नंतर तयार केली तिला. म्हणजे गेल्या आठवड्यात तुम्ही 'सण आणि सवलती' आणि तिच्या पोटात 'दिवाळी' काढलीत, तिथे ताम्हनही टाकलंत, की ओळ होते 'होम › सण आणि सवलती › दिवाळी › तांब्याचं ताम्हन'. गिऱ्हाईक फेब्रुवारीतही तेच वाचतं. वर्डप्रेसच्या लेखांच्या पत्त्यात कॅटेगरी घालायची सोय आहे, तिथे नेमकं उलटं: लेख अनेक कॅटेगरींत असेल तर सर्वांत लहान क्रमांकाची निवडली जाते, म्हणजे सगळ्यांत जुनी. दोन्ही नियम यंत्राच्या सोयीचे. त्यात दुकानाची काही बाजू नाही.

यावर उतारा सोपा आहे. योस्टसारख्या एसइओ प्लगिनमध्ये (साइट गुगलसारख्या शोधयंत्रात नीट दिसावी म्हणून वर्डप्रेसला लावायचं जोडसॉफ्टवेअर) 'प्रायमरी कॅटेगरी' निवडायची सोय असते. वस्तू हव्या तितक्या कॅटेगरींत टाका, त्यातल्या एकीला मुख्य म्हणा, ओळीत तीच येईल. फक्त थीम कुठला ब्रेडक्रंब दाखवते हे तपासा. कित्येक थीम प्लगिनचा ब्रेडक्रंब बाजूला ठेवून स्वतःचाच छापतात, आणि मग प्लगिनमध्ये कितीही निवड केली तरी पानावर फरक पडत नाही.

हा विचार नवा नाही. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी वेबसाइटची वर्गवार यादी करायला घेतली, तिचं पुढे याहू झालं. त्या डिरेक्टरीत एखादा विषय दोन ठिकाणी शोभत असेल तर त्याचं खरं ठिकाण एकच ठेवत, आणि दुसऱ्या ठिकाणी नावापुढे '@' हे चिन्ह लावून नुसता दुवा देत. दुव्यावरून गेलात की वरची ओळ खऱ्या ठिकाणाची दिसे. ती डिरेक्टरी २०१४ अखेर बंद झाली, युक्ती अजून चालते.

मग मुख्य कॅटेगरी निवडायची कशी? मी एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू पसंत पडली नाही, तर या माणसाला पुढे काय बघायचं असेल? ताम्हन पसंत पडलं नाही तर दुसरं ताम्हन, किंवा पळी-पंचपात्राबरोबरचा संच. तांब्याचा बंब नक्कीच नाही, जरी तोही तांब्याचाच असला. म्हणून ताम्हनाचं घर 'पूजेची उपकरणी'. पण हाच प्रश्न पाण्याच्या हंड्याला विचारला की उत्तर बदलतं. ज्याला तांब्यातलं पाणी प्यायचं आहे तो हंडा नको वाटला तर तांब्याची कळशी बघेल, पितळेचा हंडा बघणार नाही. तिथे धातूच घर ठरवतो. एकच नियम सगळ्या दुकानाला लावायचा हट्ट धरणारे सल्लागार मला भेटतात. त्यांनी एक दिवस गल्ल्यावर बसून बघावं.

सणावारी कॅटेगरी मात्र कधीच मुख्य करू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिवाळी संपली की ती कॅटेगरी कोणीतरी काढून टाकतं आणि तिच्या जिवावर उभी असलेली सगळी ओळ कोलमडते. नाशिकमध्ये 'सिंहस्थ विशेष' नावाच्या कॅटेगरीचा मोह होणं साहजिक आहे. मागचा सिंहस्थ २०१५ सालचा, आणि बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वणीवर समयांचं कायमचं घर बांधता येत नाही. वस्तू तिथे जरूर दाखवा; ओळीत तिचं नाव नको.

आता फिल्टरकडे परत येऊ. अनेक दुकानांच्या मेनूत मी असं पाहतो: तांबं, पितळ, पूजा, लग्न, मोठी भांडी, ५०० च्या आत, नवीन आवक. सातही शब्द शेजारी शेजारी, आणि पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं. कशाचं बनलंय, कशासाठी आहे, केवढं आहे, कितीला आहे, कधी आलं. एवढे प्रश्न एकाच झाडावर टांगले की प्रत्येक वस्तू चार फांद्यांवर लोंबकळते आणि कुठलीही ओळ धड दिसत नाही. ग्रंथालयशास्त्राला ही अडचण फार आधीपासून ठाऊक आहे, कारण पुस्तक फळीवर एकाच जागी ठेवता येतं. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत मांडली ती यातूनच. विषयाची एकच फांदी शोधण्यापेक्षा त्याचे पैलू सुटे करायचे आणि मग जोडायचे. आजच्या खरेदीच्या साइटवर डाव्या हाताला दिसणारी फिल्टरची पट्टी हे त्याच विचाराचं रूप आहे. आपल्या दुकानासाठी त्याचा अर्थ इतकाच की आकार, किंमत आणि आवक यांना कॅटेगरी करू नका, फिल्टर करा. धातूलाही बहुतेक वेळा फिल्टरच शोभतो; हंडा-कळशीसारखी पाण्याची भांडी तेवढी अपवाद. मुख्य झाडावर उपयोग ठेवा. एवढं केलं की निम्म्या ओळी न सांगता सुधारतात.

एक मार्ग आणखी सुचवला जातो: गिऱ्हाईक ज्या कॅटेगरीतून आलं तीच ओळीत दाखवायची. लग्नाच्या भांड्यांतून आलेल्याला 'लग्नाची भांडी › ताम्हन', पूजेतून आलेल्याला दुसरी ओळ. ऐकायला छान आहे, आणि मोठ्या साइट ते करतातही. छोट्या दुकानाला मी नको म्हणतो. साइट वेगाने उघडावी म्हणून तयार पानं साठवून ठेवलेली असतात; एकाच पानाच्या तीन ओळी म्हणजे तीन पानं साठवायची. बहिणीने व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली तर तिला दिसलेली ओळ भावाला दिसेलच असं नाही. आणि गुगलवरून थेट आलेल्यासाठी शेवटी एक मुख्य कॅटेगरी ठरवावीच लागते, मग तीच सगळ्यांना का नको?

ओळ आणि पत्ता यांची गाठ बांधू नका

ब्रेडक्रंबमध्ये जी वाट दिसते तीच पानाच्या यूआरएलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत दिसणाऱ्या पत्त्यात, हवी, असं पुष्कळांना वाटतं. तशी सक्ती कुठेच नाही. ओळ रोज बदलली तरी चालते, कारण ती पान उघडताना तयार होते. यूआरएल मात्र लोकांच्या व्हॉट्सअॅपवर, बिलावर छापलेल्या क्यूआर कोडमध्ये आणि गुगलच्या यादीत जाऊन बसलेला असतो. त्यात कॅटेगरी घातली आणि उद्या ताम्हन दुसऱ्या कॅटेगरीत हलवलं, की जुने सगळे दुवे तुटतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवण्याची सोय असते, ३०१ क्रमांकाची, पण ती कोणीतरी आठवणीने करावी लागते. त्यापेक्षा यूआरएलमध्ये नुसतं वस्तूचं नाव ठेवावं आणि उतरंड ओळीवर सोडावी.

ते नाव देवनागरीत ठेवायचं का, हा मराठी साइटचा खास प्रश्न. ब्राउझरच्या पट्टीत ते सुंदर दिसतं. दुवा कॉपी केला की मात्र त्याची टक्केचिन्हांची माळ होते: देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (संगणकाचं साठवणीचं माप) लागतात आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. 'ताम्हन'मध्ये काना आणि हलन्त धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे चोपन्न अक्षरं. त्यापुढे 'पूजेची-उपकरणी'ही असेल तर एसएमएसमध्ये दुवा पाठवायची सोयच राहत नाही. ओळ मराठीत, यूआरएल रोमन लिपीत, ही तडजोड मला पटते.

पडद्यावर मांडताना

ओळीतल्या शेवटच्या नावाला, म्हणजे आपण ज्या पानावर आहोत त्याला, दुवा देऊ नये. त्यावर बोट ठेवून माणूस पुन्हा तिथेच येतो आणि साइट बंद पडली असं समजतो.

ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडरने साइट ऐकतात. त्यांच्यासाठी ही ओळ एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, 'नॅव' टॅगच्या आत क्रमवार यादी म्हणून लिहावी, त्या टॅगला 'ब्रेडक्रंब' असं नाव द्यावं, आणि शेवटच्या नावावर 'आरिया-करंट' ही खूण लावावी, म्हणजे 'हे चालू पान' असं ऐकू येतं. मधलं '›' चिन्ह मजकुरात टाइप न करता सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, काढावं आणि स्क्रीन रीडरने ते वाचू नये अशी सोय करावी. लोक सर्रास तिथे '>' टाइप करतात, आणि ऐकणाऱ्याला 'होम ग्रेटर दॅन पूजेची उपकरणी ग्रेटर दॅन ताम्हन' असं गणित ऐकावं लागतं. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये लिहायलाही विसरू नका, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी शब्दांशी झटापट करत बसतो.

मोबाइलवर जागेची चणचण असते. मराठी नावं लांब, त्यात काना-मात्रा-वेलांटी-उकारांनी ओळीची उंचीही जास्त लागते. इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये 'पूजेची'चा ऊकार खालून कापला गेलेला मी किती ठिकाणी पाहिलाय. ओळीची उंची वाढवली की तो प्रश्न मिटतो. लांबी कमी करायची तर नावं मोजून छाटणारा कोड वापरू नका. 'ताम्हन' पहिल्या चार चिन्हांवर कापलं की उरतं 'ताम्', पाय मोडलेलं. बाइट मोजून कापलं तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. छाटायचंच असेल तर मधल्या पायऱ्या लपवा, किंवा फक्त एक पायरी वरचा दुवा ठेवा: '‹ ताम्हन'. ओळ बोटाने आडवी सरकू देणं हाही चांगला उपाय आहे. सगळ्यांत चांगला उपाय कॅटेगरीची नावं मुळात आखूड ठेवण्याचा. 'घरगुती व धार्मिक वापरासाठी पूजेची पारंपरिक उपकरणी' असं नाव वाचून कोणी जास्त खरेदी करत नाही.

आणि गुगल

हा भाग लोक सगळ्यांत आधी विचारतात, म्हणून मी तो शेवटी ठेवलाय. गुगलने नोव्हेंबर २००९ पासून शोधाच्या निकालांत लांबलचक यूआरएलच्या जागी ब्रेडक्रंब दाखवायला सुरुवात केली. २०११ साली गुगल, बिंग आणि याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह काढला. त्यातल्या 'ब्रेडक्रंबलिस्ट' या नमुन्यात आपली ओळ यंत्राला समजेल अशी लिहिता येते: प्रत्येक पायरीचा क्रमांक, नाव आणि दुवा. किमान दोन पायऱ्या हव्यात, शेवटच्या पायरीला दुवा नसला तरी चालतो. पानाला खरोखरच दोन वाटा असतील तर गुगल दोन ओळीही स्वीकारतं, त्यामुळे ताम्हनाची लग्नाची वाट तिथे लिहायला हरकत नाही. बहुतेक एसइओ प्लगिन हा मजकूर आपोआप घालतात. तुम्ही फक्त एवढं बघायचं की पानावर एक ओळ आणि कोडमध्ये दुसरीच, असं होत नाही ना.

जानेवारी २०२५ मध्ये गुगलने मोबाइलच्या निकालांतून ब्रेडक्रंब काढून टाकला. छोट्या पडद्यावर तो अर्धवट कापला जातो, म्हणून तिथे आता फक्त साइटचा पत्ता दिसतो. डेस्कटॉपवर ओळ राहिली. 'ब्रेडक्रंब लावून देतो, पहिल्या पानावर आणतो' अशी जाहिरात करणाऱ्यांना हे जरूर विचारा. कुठलं पान कुठल्या पोटात येतं हे गुगलला कळायला ओळीची मदत होते, यात वाद नाही. पण गिऱ्हाईक मोबाइलवर असेल तर निकालाच्या यादीत त्याला ती दिसणारच नाही; दिसेल ती तुमच्या पानावर. तेव्हा ती त्याच्या सोयीने लिहा.

सगळ्यांनाच ही ओळ लागते असंही नाही. मिसळीच्या हॉटेलच्या साइटवर मुखपृष्ठ, मेनू, फोटो आणि पत्ता अशी चार पानं असतात. तिथे 'होम › मेनू' लिहून काहीच साधत नाही, मेनू वर दिसतोच आहे. तीन पायऱ्यांची उतरंड झाली की ओळ कामाला येते. उतरंड कृत्रिमपणे वाढवू मात्र नये. 'होम › उत्पादने › सर्व उत्पादने › ताम्हन' यातल्या मधल्या दोन पायऱ्या एकच गोष्ट दोनदा सांगतात. एक काढा, जमल्यास दोन्ही काढा. ज्या कॅटेगरीत एकच वस्तू आहे तीही काढा, कारण ओळीतून तिथे गेलेल्या माणसाला जी वस्तू नको होती तीच परत दिसते. आणि 'इतर' नावाच्या कॅटेगरीत विसाहून जास्त वस्तू साठल्या असतील तर थीम बदलण्याआधी काकांबरोबर चहा घेत त्या यादीवर बसा. अर्ध्या वस्तूंचं घर ते बघताक्षणी सांगतील, उरलेल्या अर्ध्या वर्षानुवर्षं विकल्याच गेलेल्या नसतील.